पायरी मोज

१

ताईचे कान तिखट. शेजारच्या घरात नळ ठिबकायला लागला तर शेजाऱ्यांच्या आधी तिला कळायचं, आणि ती जाऊन सांगायची तेव्हा ते बिचारे ओशाळायचे. अशा बाईने दुसरं काय करावं? तिने घराच्या मागच्या खोलीत मिक्सिंगचं, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या गाण्यांतले आवाज जुळवून द्यायचं, दुकान थाटलं. खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना जुन्या रजया खिळ्यांनी ठोकल्या, दोन स्पीकर मांडले, एक टेबल, एक करकरणारी खुर्ची. बाकी रजया करड्या, मळक्या. एकच लाल, आईची. तिच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. तो धाकट्याचा पराक्रम. नऊ वर्षांचा असताना आईला मदत म्हणून रजईला इस्त्री करायला गेला होता.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो एका बँडमध्ये गायचा. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय, हे आईला समजावताना ताईच्या नाकी नऊ आले होते. गिटारी जड, एकेक गाणं पंधरा मिनिटांचं, ताल सात मात्रांत सुरू होणार आणि अकरात संपणार, टाळी वाजवायला जावं तर हात हवेतच राहतो. आई म्हणाली, म्हणजे मुद्दाम चुकवायचं. ताई म्हणाली, हो, पण सगळ्यांनी एकदम.

बँडचा नवा अल्बम नुसता गाण्यांचा नव्हता, सलग एक गोष्ट होती. नाव 'नऊ खोल्या'. एक माणूस हरवलेल्या थोरल्या बहिणीला शोधत एका घरात शिरतो, आणि दर गाण्याला एक खोली पुढे जातो. तो स्टुडिओत नाही, थेट प्रेक्षकांसमोरच रेकॉर्ड करायचा, असा धाकट्याचा हट्ट. स्टेजवर दार एकच होतं. लाकडी चौकट, फळ्यांचं दार, पितळी कडी, आणि मागे हातभर जागा सोडून काळा पडदा. धाकटा त्या दारातून आत जायचा, अंधारातून वळसा घालून पुढे यायचा, दर वेळी वेगळा कोट, वेगळा मुखवटा, वेगळं वय. नवव्या खोलीशी पोचेपर्यंत पार म्हातारा. तिथे तो दारावर तीनदा ठोठावतो. सगळी वाद्यं थांबतात. तालाचे आठ ठोके शांतता. मग तो दार उघडून आत जातो, दिवे जातात आणि संपलं. बहीण सापडली का, ते कुणी सांगत नाही.

ड्रम वाजवणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणत. तो ताईला चिडवायचा, की तू चांगली धडधाकट असताना या गाढवाने तुला हरवून टाकलंय. ताई हसायची. मनातून तिला ते आवडलं होतं. आपल्याला कुणी एवढं शोधावं, असं कुणाला नाही वाटत?

दोन गाण्यांच्या मध्ये धाकटा गोष्ट सांगायचा, आणि ते निवेदन त्याच्या कधी लक्षात राहायचं नाही. त्यावर दोघा भावंडांचा एक जुना तोडगा होता. वादकांच्या कानात इयरफोन असतात, ताल सुटू नये म्हणून त्यात टिकटिक चालू असते. ताई प्रेक्षकांच्या मागे, घरून नेलेल्या स्वतःच्या आवाजाच्या मिक्सरवर बसायची. तिच्यासमोर एक लाल बटण होतं. ते दाबून ती बोलली की आवाज फक्त धाकट्याच्या कानात जायचा. तो अडला की ती पुढची ओळ सांगायची, नाटकात विंगेतून सांगतात तशी. दहा वर्षं हे चाललं होतं, आणि प्रेक्षकांना त्याचा सुगावा नव्हता.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मात्र ताईचा घसा पार बसला. डॉक्टरांनी चार दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. तिने धाकट्याला चिठ्ठी लिहिली, की निवेदनाचे कागद स्टेजवर पायाशी चिकटवून घे. त्याने घेतले. प्रयोग झकास झाला, धाकटा एकदाही अडला नाही. फक्त शेवटी गंमत झाली. त्याने तीनदा ठोठावलं, शांततेत उभा राहिला, पण दार उघडलंच नाही. दिवेवाला ठोके मोजून काम करणारा, त्याने आठव्याला दिवे घालवले. लोकांना वाटलं, शेवट असाच आहे. टाळ्या कोसळल्या.

स्टेजमागच्या खोलीत धाकट्याने घामाने निथळत ताईला मिठी मारली. "बसक्या आवाजात का होईना, वाचवलंस मला," तो म्हणाला.

ताईला वाटलं, कागदांबद्दल बोलतोय. आवाज नसलेली बाई त्या गडबडीत वाद काय घालणार? तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वायरी गुंडाळायला गेली.

२

चार दिवसांनी आवाज परत आला आणि ताई रेकॉर्डिंग घेऊन बसली. सकाळचे दहा. बाहेर आई कपडे भिजवत होती. दर माईकचा आवाज वेगळ्या चॅनेलवर असतो, असे चाळीस चॅनेल होते. ताईची पद्धत ठरलेली. आधी एकेक चॅनेल एकटं ऐकायचं, नको ती खरखर काढायची, मग सगळं एकत्र. तेविसापर्यंत जेवणाची वेळ झाली. जेवून आल्यावर तिने चोविसावं लावलं.

चोविसावं दाराचं होतं. ठोठावणं आणि कडीचा आवाज नीट मिळावा म्हणून दाराच्या आतल्या अंगाला एक छोटा माईक चिकटवलेला होता, आणि तो धाकट्याच्या कानातही सोडलेला होता. त्यात काय ऐकू येणार? ड्रमची धमधम, फळ्यांची थरथर. ताई पेन चावत ऐकत होती. पहिलं गाणं संपलं. धमधम थांबली. आणि दाराच्या आतून एक बाई म्हणाली, "दुसऱ्या खोलीत उजेड होता, पण दिवा नव्हता."

त्याच्या अर्ध्या सेकंदानंतर, लांबून, धाकटा तेच वाक्य बोलला.

ताईने पेन खाली ठेवलं. घाबरली का? छे. तिला चूक सापडल्याचा आनंद झाला. लांबचा आवाज माईकपर्यंत उशिरा पोचतो, म्हणून मिक्सिंग करणारे चॅनेल मागेपुढे सरकवून एकमेकांशी जुळवतात. आपण हे जास्त सरकवलं असणार, तिने ठरवलं. तपासलं. ड्रमचा दर ठोका बाकीच्या चॅनेलशी केसभरही न चुकता जुळत होता. मग बाई कोण? प्रेक्षकांतली कुणी? निवेदन आधी कुणी ऐकलेलंच नव्हतं. दाराच्या मागे कुणी उभी होती? पडदा हातभर अंतरावर, धाकटा दर खोलीला तिथूनच अंग चोरून जायचा, कुणी असती तर त्याला धडकली असती. ताईचं डोकं असं एकेक दार बंद करत चाललं आणि तिच्या लक्षात आलं, की आपण बाहेर पडायची दारं बंद करतोय.

तिने पुढे ऐकलं. दर निवेदनाला आधी बाई, मग धाकटा. पाचव्या खोलीचं वाक्य कागदावर असं होतं, की पाचव्या खोलीत आरसेच आरसे होते. ती बाई क्षणभर थांबली, आठवत असावी तशी, आणि म्हणाली, "पाचव्या खोलीच्या भिंतींना रजया ठोकलेल्या होत्या. खिडकी बुजवलेली होती. कुणीतरी माझी वाट बघत बसलं होतं." धाकट्याने निमूटपणे तेच म्हटलं.

आवाज बसका होता. बाई श्वास घ्यायची तेव्हा मागे बारीक करकर ऐकू यायची. ताईने हेडफोन कानांवर घट्ट दाबले, पुढे वाकली, आणि तिच्या खालची खुर्ची करकरली. तीच करकर. तेवढीच लांब, शेवटी तशीच चिमटलेली.

ती उठून अंगणात गेली आणि आईबरोबर कपडे वाळत घालू लागली. आई म्हणाली, आज सूर्य कुठे उगवलाय?  ताईच्या हातात धाकट्याचा ओला शर्ट होता, तो ती नुसती झटकत राहिली.

३

संध्याकाळी तिने धाकट्याला बोलावून हेडफोन दिले. तिला वाटलं होतं, पोरगं हादरेल. तो बिस्किटं खात खात ऐकत राहिला.

"तूच आहेस की," तो म्हणाला.

तिने आठवण करून दिली, की त्या दिवशी आपल्या तोंडून शब्द फुटत नव्हता. धाकटा म्हणाला, ते ठाऊक होतं म्हणून तर गहिवरून आलं, की एवढा घसा बसलेला असताना ताई ओळ न् ओळ सांगतेय. रजयांचं वाक्य तू ऐनवेळी घातलंस, मला फार आवडलं, आता तेच ठेवू.  चेष्टा करताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. तो झाला नव्हता.

"आणि दार का नाही उघडलंस?" तिने विचारलं.

"तूच नको म्हणालीस."

तिने शेवटचा भाग लावला. तीन ठोके. मग शांतता. आठ ठोक्यांच्या त्या शांततेत सभागृहातला एक खोकला, कुणाची तरी खुर्ची. पाचव्या ठोक्याला ती बाई, अगदी माईकला ओठ लावल्यासारखी, म्हणाली, "आज नको. पुढच्या वेळी."

आवाज रडवेला होता. धाकट्याने बिस्कीट संपवून हात झटकले.  पुढची वेळ सहा दिवसांवर होती. दुसरा प्रयोग, तेच सभागृह, तेच दार.

तिने हर तऱ्हेने सांगून पाहिलं. नववं गाणं गाळू या. निदान दार तरी नको, नुसता उजेड ठेवू. धाकटा ऐकेना. नवव्या खोलीशिवाय गोष्ट कसली, तो म्हणाला, माणूस आठ खोल्या चालून आला आणि दारातून परत गेला? ते एकदा खपलं, दोनदा नाही खपणार. शेवटी ताई चिडून म्हणाली, मला भीती वाटते, आता झालं समाधान? हे ऐकून तो वरमला. लहानपणी भिणारा तो होता, ती नव्हे. घराच्या जिन्यावर दिवा नव्हता आणि धाकटा अंधारात खाली उतरायचा नाही. ताई खाली उभी राहून म्हणायची, पायरी मोज. तो मोठ्याने मोजत उतरायचा. चौदा झाल्या की तिचा हात सापडायचा.

तो म्हणाला, काय करू सांग, तू म्हणशील तसं करतो, फक्त गाणं काढायला सांगू नकोस.

४

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ताईने दाराचा माईक स्वतःच्या हाताने काढला. वायर ओढून गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. आत पडदा. पडद्यामागे वीट. तिने विटेवर हात फिरवला. थंड, खडबडीत, सभ्य वीट.

मग आवाजाची तालीम सुरू झाली. ठोक्या ड्रम बडवत होता, गिटारवाला एकच तुकडा पंधराव्यांदा वाजवत होता, सभागृहात स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता. धाकटा दारापाशी कडीवर हात ठेवून उभा होता. ताई मिक्सरवर पोचली आणि तेव्हा तिला युक्ती सुचली. खूण ठरवायची. दोघांनाच ठाऊक असलेली. तिने लाल बटण दाबलं.

"ऐक," ती म्हणाली. "आज मी काहीही सांगितलं तरी आधी म्हणेन, पायरी मोज. ते ऐकलं नाहीस तर ती मी नाही. तिचं काही ऐकायचं नाही. कळलं?"

लांबून धाकट्याने अंगठा वर केला.

आता सांगा, तीस पावलं चालून त्याच्या कानात सांगायला तिचं काय जात होतं? पण दहा वर्षं ही दोघं अशीच बोलत आली होती. मिक्सरवर बसलेलं माणूस उठून सांगायला जात नाही, बटण दाबतं. त्यांच्या धंद्यातली ही सवय इतकी मुरलेली, की ताईच्या मनाला शंकाही शिवली नाही. बटण सोडताना तिची नजर मिक्सरवरच्या चोविसाव्या चॅनेलकडे गेली. तिथला हिरवा दिवा हलकेच लुकलुकत होता, ऐकणाऱ्या माईकचा लुकलुकतो तसा. तिने पिशवी चाचपली. माईक पिशवीत होता. जुन्या मिक्सरला असा भटका करंट येतो, तिने स्वतःला सांगितलं, आणि चॅनेल बंद केलं.

५

सभागृह भरलं. पहिल्या चार खोल्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या गाण्यात धाकटा दारातून आत गेला आणि वळसा घालून येईपर्यंत ताईने श्वास रोखून धरला होता. तो आला, मुखवटा जरा वाकडा, बाकी ठीक. पाचव्याच्या आधी तो अडला. ताईने बटण दाबून म्हटलं, पायरी मोज, पाचव्या खोलीत आरसेच आरसे होते. त्याने तिच्या दिशेने हसून बघितलं आणि आरशांचं वाक्य म्हटलं. ताईच्या जिवात जीव आला. युक्ती चालत होती.

नववं गाणं सोळा मिनिटांचं. शेवटी शेवटी ताल इतका गुंतत जातो, की वाजवणाऱ्यांचे चेहरेही घाबरल्यासारखे दिसतात. धाकटा म्हाताऱ्याच्या कोटात, मुखवटा उतरवून, पाठीत वाकून, दारापाशी पोचला. सगळं एकदम थांबलं. त्याने ठोठावलं. एक, दोन, तीन.

ताईचं बोट बटणावर होतं. ती मोजत होती. एक. दोन. तीन. ती बोलणार नव्हती, तसं ठरलंच होतं. आठव्याला दिवे घालव, दार उघडो न उघडो, असं तिने दिवेवाल्याला बजावलं होतं. चार.

पाचव्या ठोक्याला धाकट्याने मान वळवली. तो काहीतरी ऐकत होता. वाकलेली पाठ सरळ झाली, आणि रंगवलेल्या सुरकुत्यांखालून लहान मुलासारखं हसू पसरलं. त्याचे ओठ हलले. ताईला इतक्या लांबूनही ते वाचता आले. तो मोजत होता.

"थांब!" ती बटण दाबून ओरडली. "ती मी नाही, थांब, उघडू नकोस!"

धाकट्याने ते ऐकलं. भुवया आक्रसल्या, आणि त्याने ठाम नकारार्थी मान हलवली. ठरलं होतं तसंच वागला तो. खूण न सांगता बोलेल तिचं ऐकायचं नाही. घाईत ताई आपलीच खूण विसरली होती. तिला ते उमगलं, तिने पुन्हा बटण दाबलं, पायरी, एवढंच तोंडातून निघालं, तोवर कडी निघाली होती.

दार आत उघडलं. क्षणभर, दिवे जायच्या आत, ताईला पलीकडचं दिसलं. पडदा नव्हता. एक छोटी खोली होती, टेबलावरचा दिवा लागलेला. भिंतीवर लाल रजई, तिच्या कोपऱ्यावर तपकिरी त्रिकोण. खुर्चीवर पाठमोरी एक बाई बसलेली, हात पुढे टेबलावर.

आठ. अंधार झाला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते बराच वेळ थांबलेच नाहीत.

६

दिवे लागले तेव्हा दार उघडं होतं आणि मागे पडदा होता. पडद्यामागे वीट. ठोक्याने आधी शिव्या दिल्या, मग हाका मारल्या, मग गप्प झाला. पोलीस आले, दोन दिवस प्रश्न विचारत राहिले. सभागृहाला बाहेर जायची दोनच दारं, आणि दोन्हींवर माणसं होती. प्रेक्षकांनी काढलेल्या चित्रफितींत धाकटा दारातून जाताना स्वच्छ दिसतो. दाराच्या पलीकडे सगळ्यांत काळंच दिसतं. खोली फक्त ताईने पाहिली होती. तिने ते एकदाच ठोक्याला सांगितलं. त्याने तिचा हात धरला आणि झोप काढ म्हणाला.

घरी आई पुढचे पाच दिवस दाराशी खुर्ची टाकून बसली. ती रडत नव्हती. ताईच रडायची, मागच्या खोलीत, रजयांत तोंड खुपसून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. लहानपणापासून आपण त्याला अंधारातून उतरवत आलो, आणि शेवटी आपणच त्याला हे शिकवलं, की ते दोन शब्द ऐकले की नि:शंक पाऊल टाकायचं. हे तिच्या काळजात घर करून बसलं होतं. रडून रडून तिचा घसा पुन्हा बसला.

सहाव्या दिवशी आई तिच्याजवळ आली आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू हाक मार गं त्याला. तुझ्या हाकेला तो नाही म्हणायचा नाही."

ताईने ठोक्याकडून ते दार मागवून घेतलं. चौकटीसकट, कडीसकट. मागच्या खोलीत लाल रजईच्या समोरच्या भिंतीला ते टेकवून ठेवलं. सभागृहातून परत आणलेला मिक्सर टेबलावर होताच. माईक तिने पिशवीतून काढला, दाराला लावला नाही, तसाच टेबलावर ठेवला.

७

सकाळी अकरा वाजता चोविसाव्या चॅनेलचा हिरवा दिवा लुकलुकला.

ताईने हेडफोन चढवले. आधी टिकटिक आली, कानात सोडतात ती. मग लांबून ड्रम, गिटारी, माणसांचा गलका. पहिलं गाणं संपत होतं. टाळ्या झाल्या. मग धाकट्याचा श्वास ऐकू आला, अगदी जवळ, आणि ती शांतता, जी तिने दहा वर्षांत हजारदा ऐकली होती. तो अडला होता.

विचार करायला वेळ होता कुठे? तिने बटण दाबलं. "दुसऱ्या खोलीत उजेड होता, पण दिवा नव्हता," ती बसक्या आवाजात म्हणाली.

धाकट्याने म्हटलं. जिवंत, खणखणीत, तिचा भाऊ. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुढचं गाणं सुरू झालं. ते संपलं, तो अडला, तिने सांगितलं. तिसरं, चौथं. तिला जगात दुसरं काही नको होतं. पाचव्याला तिचीच जीभ अडली. कागद समोर नव्हता, ओळ आठवेना, आणि तो वाट बघत होता. डोळ्यांसमोर जे होतं ते ती बोलली. भिंतींना रजया ठोकलेल्या होत्या. खिडकी बुजवलेली होती. कुणीतरी माझी वाट बघत बसलं होतं. खुर्ची करकरली. आनंदात तिला ते ऐकूही आलं नाही.

मग नववं गाणं आलं, आणि वाद्यं थांबली.

तीन ठोके पडले. ते हेडफोनमध्ये नव्हते. तिच्या पाठीमागच्या भिंतीला टेकवलेलं दार थरथरलं आणि कडी हलली. पलीकडे तो होता, एका फळीच्या अंतरावर. उघड म्हणायचं, एवढंच काम. पण ताईच्या मनात आलं, आत येणारा तोच कशावरून? खूण तर आता दोघांपुरती राहिलेली नाही.  तालाचे चार ठोके गेले.

"आज नको," तिच्या तोंडून रडवेलं निघालं. "पुढच्या वेळी."

हिरवा दिवा विझला. शांतता.

ताई बटणावरचं बोट न काढता बसून राहिली. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. याच बसक्या आवाजात, याच हुंदक्यासकट, धाकटा शेजारी बिस्किटं खात असताना.

मग पुढच्या वेळी काय बोललं जाणार, तेही तिला कळलं. ते ऐकून कोण हसणार, कोण पायऱ्या मोजणार आणि कोण दार उघडणार, तेही. ती ते बोलणारच नाही. तिने लगेच ठरवलं, बटणाची वायर उपटून टाकली, मिक्सर बंद केला, हेडफोन आईच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. आई घराच्या दाराशी बसून तिची ही धावपळ बघत होती. 

सहा दिवस बरे गेले. सातव्या दिवशी सकाळी ताई खोली झाडायला गेली. बंद मिक्सरवर हिरवा दिवा लुकलुकत होता. ती खुर्चीत बसून त्याच्याकडे वाकली, तोच पाठीमागच्या दारावर तीन ठोके पडले, हळू, दमलेल्या माणसाचे.

"ताई," फळीपलीकडून धाकटा म्हणाला. "इथे फार अंधार आहे गं. पायऱ्या किती होत्या?"

तिने तोंडावर हात दाबून धरला. एक, दोन, तीन, चार. बाहेर आईची खुर्ची सरकली, तिलाही ऐकू गेलं होतं. पाचव्याला ताईचा हात आपोआप खाली टेबलावर आला.

"पायरी मोज," ती म्हणाली. "ये."